मोनॅकोचा अरुंद ट्रॅक सिम्युलेटरवर कसा शिकावा : सरावाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

इंदूरमध्ये घरच्या घरी स्टिअरिंग आणि पेडलचा संच लावून शर्यतींचा सराव करणाऱ्या तरुणांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या मोकळ्या ट्रॅकवर त्यांची वेळ चांगली लागते, पण मोनॅको उघडले की दोन लॅपही धड पूर्ण होत नाहीत. ‘दादा, हात तर तेच आहेत, मग गाडी इथेच का आदळते?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हातांत नसते, तर सरावाच्या क्रमात असते. मोकळ्या ट्रॅकवर आपण आधी मर्यादा ओलांडतो, गाडी बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात जाते आणि तिथून मागे येत योग्य वेग सापडतो. मोनॅकोसारख्या, शहराच्या रोजच्या रस्त्यांवर आखलेल्या ट्रॅकला असा मोकळा पट्टा जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे वेग खालून वरच चढवत न्यावा लागतो. पुढील सर्व टप्पे या एका गोष्टीवर आधारलेले आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नये.

उदाहरणासाठी फॉर्म्युला वनचा मोनॅको ट्रॅक घेतला आहे. त्याची एक लॅप ३.३३७ किलोमीटरची असून तीत १९ वळणे आहेत आणि शर्यत ७८ लॅपची असते. हीच पद्धत बाकू, सिंगापूर, मकाव किंवा चेन्नईच्या रस्त्यावरील ट्रॅकलाही लागू पडते.

सावधान : हा सगळा सराव पडद्यावरचा आहे. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर किंवा बायपासवर रात्री गाडी पळवून ‘हात साफ करणे’ हा सराव नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा असून त्यासाठी दंड आणि कारावास या दोन्हींची तरतूद आहे. शिवाय त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाने शर्यतीत भाग घेतलेला नसतो.

## टप्पा १ : बैठक, पडदा आणि चाक

स्टिअरिंग टेबलाला घट्ट आवळलेले असावे आणि खुर्ची अजिबात सरकू नये. चाकांची खुर्ची फरशीवर ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर इंचभर मागे जाते आणि मग पायाला ब्रेकचा अंदाज कधीच बसत नाही. खुर्चीची चाके काढून टाकावीत किंवा ती अडतील अशी फळी मागे भिंतीपर्यंत लावावी. पेडलखाली जाड रबरी चटई घालावी. पेडल त्यामुळे सरकत नाही आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही रात्री धडधड ऐकावी लागत नाही.

यानंतरची गोष्ट म्हणजे दृष्टिकोन, म्हणजेच पडद्यावर किती अंशांचे दृश्य दिसावे याची मांडणी. बहुतेक जण तो फार रुंद ठेवतात, कारण त्यामुळे वेग जास्त असल्याचा भास होतो. रुंद दृश्यात भिंती आहेत त्यापेक्षा दूर आणि वळणे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. मोकळ्या ट्रॅकवर ही चूक खपून जाते, इथे खपत नाही. हिशेब सोपा आहे : पडद्याच्या निम्म्या रुंदीला डोळ्यांपासूनच्या अंतराने भागावे, त्या संख्येचा व्यस्त टॅन्जन्ट काढावा आणि तो दुप्पट करावा. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर आडवा कोन सुमारे ५३ अंश येतो. ३२ इंची पडद्याला तेवढ्याच अंतरावर तो सुमारे ६१ अंश येतो. काही सिम्युलेटर आडवा कोन विचारतात, तर असेटो कोर्सासारखे काही उभा कोन विचारतात. ते आधी पाहून घ्यावे, नाहीतर बरोबर आकडा चुकीच्या रकान्यात पडतो. काढलेला कोन सुरुवातीला फारच अरुंद वाटेल, तरी काही दिवस तो बदलू नये.

चाकाच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या, फिरण्याचा कोनही तपासावा. लॉजिटेक जी२९ सारखी चाके ९०० अंश फिरतात आणि फॉर्म्युला वनच्या गाडीला एवढे फिरणे लागत नाही. सिम्युलेटरमध्ये असा कोन निवडावा की पडद्यावरचे चाक आणि हातातले चाक बरोबरीने फिरेल.

मदतीच्या सोयींपैकी ट्रॅकवर उमटणारी रंगीत रेषा बंद करावी आणि गाडीचे नुकसान पूर्ण चालू ठेवावे. नुकसान बंद असेल तर भिंतीला घासून वळण्याची सवय लागते, आणि ती मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. चूक झाली की मागे नेऊन पुन्हा चालवण्याची सोयही बंद ठेवावी.

तपासणी : गाडी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) उभी असताना पूर्ण ताकदीने ब्रेक दाबावा. खुर्ची, पेडल आणि टेबल यांपैकी काहीही हलले, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये. मे महिन्याच्या दुपारी सराव करत असाल, तर तासाभराने चाक हाताला पुन्हा पारखून पाहावे. स्टिअरिंगमधली मोटर तापली की चाकाचा जोर कमी जाणवतो आणि दोष उगाच आपल्या हातांना दिला जातो.

## टप्पा २ : खडूने आखलेली रुंदी

हा टप्पा लोक हमखास वगळतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी गाड्या निघून गेल्यावर खडूने ७.६ मीटर अंतरावर दोन समांतर रेषा आखाव्यात. बाकू ट्रॅकवर जुन्या किल्ल्याच्या तटाजवळची सर्वांत अरुंद जागा एवढीच आहे. त्यांच्या मधोमध दोन मीटर रुंद पट्टा आखावा, कारण २०१७ ते २०२५ या काळातील फॉर्म्युला वनच्या गाडीची कमाल रुंदी तेवढी होती. आता प्रत्येक बाजूला २.८ मीटर जागा उरते.

त्या पट्ट्यात उभे राहून एक हिशेब करावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. गाडीचे नाक भिंतीच्या दिशेला केवळ पाच अंश वळलेले असेल, तर ती दर सेकंदाला सुमारे २.४ मीटर बाजूला सरकते, म्हणजे उरलेली २.८ मीटर जागा सव्वा सेकंदाच्या आत संपते. भिंत जवळ आलेली पाहून चाक फिरवायला गेलो तर उशीर का होतो, ते या आकड्यांवरून कळते. म्हणून नजर भिंतीवर नव्हे, तर गाडी जिथे जायची आहे त्या जागेवर असावी लागते.

आपल्याकडे पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक असल्यामुळे इंदूरच्या मुलांच्या मनात रेसिंग म्हणजे रुंद आणि लांबलचक डांबरी पट्टा हे चित्र पक्के असते. ते चित्र पुसायला खडूच्या दोन रेषा फार उपयोगी पडतात.

## टप्पा ३ : ट्रॅकचे सहा गट

१९ वळणे सुटी सुटी पाठ करू नयेत. हातांना लय गटांची लागते. माझी विभागणी अशी आहे.

१. सेंट डेव्होट आणि तिथून बो रिव्हाजची चढण.
२. मॅसने हे लांब डावे वळण आणि लगेच कॅसिनो हे उजवे.
३. मिराबो, त्यानंतरचे हेअरपिन (गाडी जवळजवळ उलटी फिरवणारे वळण), खालचे मिराबो आणि पोर्तिए, म्हणजे उताराचा सगळा भाग.
४. बोगदा आणि त्यानंतरचे नूव्हेल शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणे).
५. ताबा नावाचे वळण आणि पिसीनच्या वळणांच्या दोन्ही जोड्या.
६. रासकास आणि अँटनी नोगेस.

कागदावर हाताने नकाशा काढावा आणि प्रत्येक गटाच्या शेवटच्या वळणाला गोल करावा. गटातली आधीची वळणे त्या शेवटच्या वळणाच्या सोयीसाठी घ्यायची असतात. तिसऱ्या गटात हे सर्वांत स्पष्ट दिसते. मिराबोला वाचवलेला वेळ पोर्तिएला गाडी वाकडी आली तर बोगद्यात दुपटीने परत द्यावा लागतो, कारण पोर्तिएनंतर ट्रॅकचा सर्वांत वेगवान भाग सुरू होतो.

तपासणी : डोळे मिटून वळणांचा क्रम, प्रत्येकाची दिशा आणि चढ की उतार हे मोठ्याने सांगता यावे. अडखळत असाल तर गाडी सुरू करू नये.

## टप्पा ४ : संथ लॅप आणि खुणा

आता गाडी ट्रॅकवर आणावी, पण वेळ मोजणारा आकडा झाकून ठेवावा. पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला तरी चालेल. अर्ध्याहून थोड्या जास्त वेगाने, घाई न करता, लॅपमागून लॅप चालवावी. या लॅपांचे काम फक्त खुणा गोळा करणे हे आहे.

प्रत्येक मोठ्या वळणासाठी तीन खुणा लागतात : ब्रेक कुठे दाबायचा, चाक कुठे फिरवायचे आणि गाडी आतल्या कडेला कुठे टेकवायची. रस्त्यावरच्या ट्रॅकवर त्या मुबलक असतात, कारण तो मुळात रोजच्या वापराचा रस्ता आहे. पांढरे पट्टे, गटाराची झाकणे, डांबराचा रंग बदलतो ती रेघ, कुंपणाचे सांधे, जाहिरातीच्या फलकाची कड, कर्बच्या (ट्रॅकच्या कडेच्या रंगीत पट्टीच्या) रंगाची सुरुवात यांपैकी काहीही चालेल. मात्र खूण जागेवरून हलणारी नसावी आणि सरळ समोर पाहताना नजरेच्या टप्प्यात येणारी असावी. उंच इमारतीचे टोक ही वाईट खूण आहे, कारण ते पाहायला मान वर करावी लागते.

सावधान : सावलीला कधीही खूण मानू नये. मोनॅकोत इमारती उंच असल्याने सावल्या ठळक पडतात आणि सरावात त्यांची सवय फार चटकन लागते. शर्यतीची वेळ वेगळी ठेवली, की सावली सरकते आणि ब्रेक दाबण्याची जागा तिच्याबरोबर सरकते. पुढच्या गाडीचे ब्रेक पाहून आपला ब्रेक दाबणे हीदेखील याच जातीची चूक आहे.

मॅसनेला आतली कड दिसण्यापूर्वीच चाक फिरवावे लागते, त्यामुळे तिथली खूण वळणाच्या आधीच्या रस्त्यावरच शोधावी. कॅसिनोनंतरच्या उतारावर रस्त्याच्या डाव्या बाजूला मोठा उंचवटा आहे. तो टाळून गाडी उजवीकडे ठेवावी आणि मिराबोच्या ब्रेकपूर्वी ती सरळ करून घ्यावी. हा उंचवटा अनेकांना माहीत नसतो आणि मिराबोला टायर का लॉक होतात (फिरायचे थांबून घसरतात) याचे कोडे त्यांना सुटत नाही.

बोगद्यासाठी वेगळी सूचना आहे. आत सतत हलके उजवे वळण असते आणि बाहेर पडताना डोळ्यांवर एकदम उजेड येतो. शिकेनच्या ब्रेकची खूण म्हणूनच बोगद्याबाहेरची, रस्त्यालगतची आणि जमिनीजवळची असावी.

तपासणी : सलग लॅपांत भिंतीला एकदाही स्पर्श न होता तिन्ही खुणा तोंडाने म्हणता आल्या पाहिजेत. एखाद्या वळणाला ‘इथे अंदाजाने’ असे उत्तर येत असेल, तर खूण अजून सापडलेली नाही.

## टप्पा ५ : बाहेर पडणे आधी, आत शिरणे नंतर

वेग वाढवण्याची सुरुवात वळणातून बाहेर पडण्यापासून करावी, आणि तीही सगळीकडे एकदम नव्हे. सेंट डेव्होट, पोर्तिए आणि अँटनी नोगेस या तिघांनंतर गाडीला लांब धाव मिळते, म्हणून आधी हीच तीन निवडावीत. वळणात नेहमीच्या वेगानेच शिरावे, आतली कड जरा उशिरा गाठावी आणि मग थ्रॉटल (वेगाचे पेडल) थोडे लवकर उघडून पाहावे. कड उशिरा गाठली की गाडीचे नाक आधीच पुढच्या रस्त्याकडे वळलेले असते आणि बाहेरच्या भिंतीकडे घसरायला तिला कमी जागा लागते. कड लवकर गाठण्याची सवय मोकळ्या ट्रॅकवरून येते, कारण तिथे बाहेर पडताना चुकले तर कर्ब ओलांडून जाता येते.

बाहेरच्या भिंतीपासून सुरुवातीला साधारण एक मीटर अंतर राखावे. त्या अंतरावर गाडी दरवेळी त्याच जागी येऊ लागली, की ते अर्ध्यावर आणावे. एका वेळी एकाच वळणावरचे अंतर कमी करावे.

इथे दोन भिंतींमधला फरक नीट समजून घ्यावा. बाहेरच्या भिंतीला गाडी बहुतेक वेळा तिरकी, घासत लागते. आतल्या भिंतीला पुढचे चाक समोरून लागते आणि स्टिअरिंगचे दांडे वाकतात, त्यानंतर गाडी तुमचे ऐकतच नाही. पिसीनच्या दुसऱ्या जोडीवर हेच घडते. २०१८ मध्ये मॅक्स व्हर्स्टॅपेनने तिसऱ्या सराव सत्रात तिथल्या आतल्या बॅरियरला चाक लावले, गाडी पुढच्या भिंतीत गेली आणि त्याला पात्रता फेरीला मुकावे लागले. २०२१ च्या पात्रता फेरीत शार्ल लक्लेर तिथेच आतल्या बाजूला लागून आदळला. पोल (शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा) त्याच्याकडेच राहिली, पण गाडीचे नुकसान झाल्यामुळे रविवारी तो शर्यत सुरूच करू शकला नाही. जगातल्या उत्तम चालकांना ती जागा माफ करत नाही, तेव्हा आतल्या भिंतीशी जवळीक हे सर्वांत शेवटी करायचे काम आहे.

सावधान : पिसीनची पहिली जोडी वेगाने जमली की दुसरीत त्याच लयीत शिरण्याचा मोह होतो. दुसरी जोडी हळू आहे. दोन्हींच्या मधे ब्रेकची स्वतंत्र खूण असलीच पाहिजे.

## टप्पा ६ : ब्रेक

फॉर्म्युला वनच्या गाडीला एबीएस (टायर लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसते. वेग जास्त असताना हवेचा दाब गाडीला रस्त्यावर धरून ठेवतो, म्हणून ब्रेक सुरुवातीलाच जोरात दाबावा आणि वेग उतरेल तसा पाय सैल करत न्यावा. उलट केले, म्हणजे आधी हळू आणि शेवटी जोरात दाबले, तर टायर नेमके वळणाच्या तोंडाशी लॉक होतात. उतारावर आणि उंचवट्यांवर पाय आणखी लवकर सैल करावा लागतो.

ज्या चुकीमुळे चांगले चालकही गोंधळतात, ती अशी : पाचव्या टप्प्यात पोर्तिएमधून बाहेर पडण्याचा वेग सुधारला, की बोगद्याच्या शेवटी गाडी आधीपेक्षा वेगवान असते. ताशी २८० ऐवजी २९० किलोमीटरचा वेग म्हणजे ब्रेकला सुमारे सात टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. शिकेनची जुनी खूण आता उशिराची झालेली असते. म्हणून कोणत्याही वळणाची बाहेर पडण्याची गती सुधारली, की पुढच्या ब्रेकची खूण काही मीटर अलीकडे घ्यावी आणि मग हळूहळू पुन्हा पुढे न्यावी.

## टप्पा ७ : हेअरपिन

हेअरपिन हे फॉर्म्युला वनमधले सर्वांत संथ वळण आहे. तिथे गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास उतरतो आणि चाक जास्त फिरावे म्हणून संघ स्टिअरिंगची खास मांडणी करतात. वळण डावे असल्यामुळे उजव्या कडेला राहून यावे, पहिल्या गिअरमध्ये पूर्ण थांबल्यासारखा वेग उतरू द्यावा आणि मग एकाच सलग हालचालीत चाक शेवटपर्यंत फिरवावे. मधेच थ्रॉटल दिले तर नाक बाहेर सरकते. इथे वेळ कमावता येत नाही, फक्त गमावता येतो, म्हणून या वळणावर फार सराव खर्च करू नये.

## टप्पा ८ : गाडीची मांडणी

मांडणी या टप्प्यापर्यंत बदलू नये, कारण हात स्थिर नसताना कोणता बदल कशामुळे झाला ते कळत नाही. आता पंख (हवेच्या दाबाने गाडी खाली धरणारे भाग) जास्त दाबाचे, सस्पेन्शन मऊ आणि गाडी किंचित उंच ठेवावी, म्हणजे उंचवट्यांवर आणि कर्बवर ती उडणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. इंटरनेटवर मिळणारी वेगवान चालकांची मांडणी जशीच्या तशी उचलू नये. ती बहुधा एकाच झटपट लॅपसाठी केलेली असते आणि लांब शर्यतीत हाताळायला अवघड जाते.

## टप्पा ९ : लांब सलग सराव

आता वेळेवरचा कागद काढावा. सर्वांत वेगवान लॅपकडे पाहण्याऐवजी सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ लॅपमधला फरक पाहावा. तो कमी होत असेल तर सराव योग्य दिशेने चालला आहे. रस्त्यावरचा ट्रॅक सुरुवातीला निसरडा असतो आणि गाड्यांचे रबर बसत गेले की पकड वाढते, त्यामुळे सत्राच्या शेवटी वेळ आपोआप सुधारते. त्या सुधारणेचे श्रेय स्वतःला देऊन दुसऱ्या दिवशी पहिल्याच लॅपला तोच वेग धरणे, हे अपघाताचे एक ठरलेले कारण आहे.

वेग मुद्दाम कमी करतानाही सावध राहावे. १९८८ च्या शर्यतीत आयर्टन सेना मोठ्या आघाडीवर होता. संघाने वेग कमी करायला सांगितल्यानंतर ६७ व्या लॅपला तो पोर्तिएला भिंतीत गेला. वेग बदलला की खुणांची लय तुटते. म्हणून सावकाश चालवायचे असेल तेव्हा सरळ भागात थ्रॉटल लवकर सोडावे, पण वळणातल्या खुणा त्याच ठेवाव्यात आणि त्या पुन्हा मोठ्याने म्हणायला सुरुवात करावी.

## टप्पा १० : इतरांसोबत शर्यत

एकट्याने निर्दोष लॅप जमल्याशिवाय ऑनलाइन शर्यतीत उतरू नये. सुरुवातीला सेंट डेव्होटला सगळ्या गाड्या एका तोंडात शिरतात. तिथे जागा मिळवण्यापेक्षा पंख वाचवणे महत्त्वाचे आहे. पुढे जाण्याची खरी संधी नूव्हेल शिकेनच्या ब्रेकवर मिळते. ती मिळवायची तर पोर्तिएमधून पुढच्यापेक्षा चांगले बाहेर पडावे लागते, आणि त्यासाठी पोर्तिएपूर्वी थोडे अंतर मुद्दाम सोडावे. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून हेअरपिन उतरणारा चालक पोर्तिएला थ्रॉटल उशिरा उघडतो आणि संधी घालवतो.

पिवळा झेंडा दिसताच पाय काढावा, कारण वळणापलीकडे अडकलेली गाडी दिसायला जागाच नसते. सिंगापूरमध्ये २००८ ते २०२३ या काळात झालेल्या प्रत्येक शर्यतीत सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांचा वेग रोखणारी गाडी) आली होती, इतके हे प्रसंग नेहमीचे आहेत. मोनॅकोच्या पिट लेनमध्ये वेगमर्यादा नेहमीच्या ८० ऐवजी ताशी ६० किलोमीटर असते. मर्यादकाचे बटण कुठे आहे ते आधी शोधून ठेवावे. पावसाळ्यात इंदूरला वीज जाते तेव्हा शर्यत मधेच तुटते आणि बंद पडलेली गाडी मागच्यांच्या वाटेत उभी राहते, म्हणून संगणक, राउटर आणि चाक या तिन्हींना यूपीएस असावा.

शर्यत संपल्यावर वहीत भिंतीच्या प्रत्येक स्पर्शाची नोंद करावी : वळण, आतली भिंत की बाहेरची, आणि त्या क्षणी नजर कुठे होती. एकाच वळणाची नोंद पुन्हा आली, तर त्या वळणासाठी टप्पा ४ पासून सुरुवात करावी. नवा ट्रॅक घेताना टप्पा १ वगळून टप्पा २ पासून पुन्हा यावे, आणि खडूच्या रेषा त्या ट्रॅकच्या सर्वांत अरुंद जागेच्या मापाने नव्याने आखाव्यात.